विश्लेषण : कॅमेरा हेच शस्त्र! हवाई दलाच्या ‘१०६ स्क्वॉड्रन’चा इतिहास काय सांगतो?

मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर सैन्यदलांच्या पत्रकार परिषदांमध्ये हल्ल्यापूर्वीची आणि हल्ल्यानंतरची छायाचित्रे पडद्यावर दाखवण्यात आली. धावपट्टीवरचे खड्डे, छत फाटलेले हँगर सगळ्या देशाने घरबसल्या पाहिले. आज उपग्रह करतात ते काम काही दशकांपूर्वी दोन माणसे आणि एक नि:शस्त्र विमान करत असे. आग्रा येथील हवाई तळावरून उडणाऱ्या १०६ स्क्वॉड्रनच्या कॅनबेरा विमानांनी तिबेटपासून पाकिस्तानपर्यंतची छायाचित्रे टिपली. या तुकडीच्या वाट्याला तीन महावीर चक्रे आली. मात्र तिने आणलेली माहिती प्रत्येक वेळी निर्णयात उतरली असे नाही.

टेहळणी तुकडीचे काम नेमके काय?

बॉम्बफेकी विमान लक्ष्यावर जाऊन बॉम्ब टाकते. टेहळणी विमान त्याच लक्ष्यावर जाते, पण तिथे फक्त पाहते आणि परत येते. परत येणे हाच मोहिमेचा गाभा. वैमानिक पडला तर फिल्मही गेली आणि मोहीमही. जुन्या काळात छायाचित्रे विमानातून प्रक्षेपित करण्याची सोय नव्हती. फिल्म तळावर उतरवून, धुवून, छापून मगच कोणाला तरी काही दिसत असे.

छायाचित्र घेतानाही शिस्त लागते. ठरलेली उंची, ठरलेला वेग आणि अगदी सरळ रेषा. एकापाठोपाठ येणारी छायाचित्रे साधारण ६० टक्के एकमेकांवर यावीत अशा अंतराने घेतली जातात. त्यामुळे स्टिरिओस्कोपखाली जोडी ठेवली की डोंगर, खंदक, इमारती उठून दिसतात. शत्रूच्या प्रदेशावर असे सरळ, संथ आणि ठरावीक मार्गाने उडणे म्हणजे विमानविरोधी तोफांना सोपे लक्ष्य देणे. वैमानिकाच्या धाडसाचा कस इथेच लागतो.

गणित सोपे आहे. ३६ इंच नाभीय अंतराच्या भिंगाने ३६ हजार फुटांवरून छायाचित्र घेतले, तर त्याचे प्रमाण १:१२,००० येते. म्हणजे जमिनीवरचा १२ मीटरचा पूल फिल्मवर जेमतेम एक मिलिमीटर भरतो. त्या एक मिलिमीटरमध्ये तो पूल लष्करी वाहनांचे वजन पेलणारा आहे का, त्याच्या कडेला उभे ठिपके ट्रक आहेत की रणगाडे, हे ओळखणे ही वेगळीच विद्या. सावलीच्या लांबीवरून उंची, चाकोऱ्यांवरून वाहनांचा प्रकार आणि बर्फातल्या पायवाटांवरून वस्ती ताडणारे छायाचित्र-विश्लेषक हे या व्यवस्थेचे दुसरे अंग. या कामासाठी तिन्ही दलांचे ‘जॉइंट एअर रिकोनिसन्स इंटेलिजन्स सेंटर’ होते. तिसरे अंग म्हणजे तो अहवाल वाचून निर्णय घेणारे. तीनपैकी एक जरी दुवा निखळला तरी बाकीच्या दोघांची मेहनत वाया जाते.

भारतात या कामाची सुरुवात कशी झाली?

भारतीय वैमानिकांना टेहळणी नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या स्क्वॉड्रन प्रामुख्याने लष्करासाठी टेहळणी करत. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमाने जपानी हालचालींचा माग काढत होती. पुढे हवाई दलाचे मार्शल झालेल्या अर्जन सिंग यांना त्याच कामगिरीच्या काळात डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. स्वातंत्र्यानंतर स्पिटफायरच्या छायाचित्रण आवृत्तीवर काम भागवले गेले. मात्र ही झाली आघाडीजवळची टेहळणी. शत्रूच्या पोटात शेकडो किलोमीटर शिरून छायाचित्रे आणण्यासाठी वेगळे विमान हवे होते.

ते १९५७ मध्ये ब्रिटनकडून आले. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या कॅनबेरा विमानांच्या मूळ मागणीत ५४ बॉम्बफेकी, सहा प्रशिक्षण विमाने आणि केवळ आठ छायाचित्रण विमाने होती. ‘पीआर ५७’ या नावाने ओळखली जाणारी ती आठ विमाने १०६ स्क्वॉड्रनचा कणा ठरली. दोन जेट इंजिने, दोघांचा चमू, सुमारे ४८ हजार फुटांपर्यंत जाण्याची क्षमता. बंदूक नाही, बॉम्ब नाही. त्या जागेत कॅमेरे आणि जादा इंधन. संरक्षण एकच : उंची.

रावळपिंडीवर काय घडले?

उंचीचे हे कवच अभेद्य नाही, हे लवकरच कळले. १० एप्रिल १९५९, ईदचा दिवस. पाकिस्तानच्या हद्दीत शिरलेल्या एका कॅनबेराच्या मागे पाकिस्तानी हवाई दलाची एफ-८६ सेबर विमाने लागली. सेबरला ती उंची सहज गाठता येत नव्हती. परंतु पाकिस्तानी वृत्तांतानुसार, कॅनबेरा वळण घेत असताना सेबरच्या माऱ्याच्या टप्प्यात आले आणि रावळपिंडीजवळ कोसळले. स्क्वॉड्रन लीडर जे. सी. सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. एन. रामपाल हे दोघेही विमानातून बाहेर पडले, पकडले गेले आणि नंतर भारतात परतले. पाकिस्तानी हवाई दलाने हवेत पाडलेले हे पहिलेच विमान.

आठ विमानांच्या ताफ्यातले एक गेले, हे नुकसान मोठेच होते. त्याहून मोठा होता धडा. शांततेच्या काळातही ही तुकडी युद्धातच असते. पकडले गेल्यावर सरकारला हात वर करावे लागू शकतात आणि यशस्वी झाल्यास कोणाला सांगता येत नाही.

१९६२ मध्ये छायाचित्रे हाती असूनही उपयोग का झाला नाही?

चीनने शिनजियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता अक्साई चीनमधून काढला आणि तो १९५७ मध्ये पूर्ण झाल्याचे स्वत:च जाहीर केले. पुढच्या वर्षी भारताने पाठवलेल्या गस्ती पथकांपैकी एक चिन्यांच्या ताब्यात सापडले. अशा उंच, निर्मनुष्य प्रदेशात पायी माणसे पाठवून काय चालले आहे हे कळायला महिने लागतात. कॅनबेराला तास पुरत.

हे काम करणाऱ्यांतील सर्वांत ठळक नाव जगमोहन नाथ यांचे. स्क्वॉड्रन लीडर नाथ यांनी अक्साई चीन आणि तिबेटच्या भागावर वारंवार उड्डाणे करून चिनी सैन्याच्या जमवाजमवीची छायाचित्रे आणली. उंच पर्वत, बेभरवशाचे हवामान आणि वाटेत इंजिन बिघडले तर उतरायला जागा नाही, अशा परिस्थितीतील कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र देण्यात आले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला तेव्हा भारतीय फौजा तोकड्या कपड्यांत, तोकड्या दारूगोळ्यानिशी उभ्या होत्या. महिनाभर चाललेल्या या युद्धात हवाई दलाचा वापर रसद पोहोचवणे आणि जखमींना हलवणे एवढ्यापुरताच झाला. लढाऊ आणि बॉम्बफेकी विमाने जमिनीवरच राहिली. चीन प्रत्युत्तर म्हणून कोलकात्यासारख्या शहरांवर बॉम्बहल्ले करील, ही भीती त्यामागे होती. तिबेटमध्ये चीनच्या हवाई दलाची तशी ताकदच दिसत नव्हती आणि भारताने हवाई शक्ती वापरली असती तर चित्र वेगळे दिसले असते, असे नाथ यांनी नंतरच्या काळात मुलाखतींतून सांगितले.

युद्धाचा निकाल खरोखर बदलला असता का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वादापलीकडची बाब एवढीच की, प्रत्यक्ष पाहून आलेला वैमानिक आणि निर्णय घेणारे सरकार यांच्यात मोठी दरी होती. राजकीय नेतृत्वाने चीन मोठा हल्ला करणार नाही, असे गृहीत धरले होते. त्या गृहीतकात न बसणारी माहिती मागे पडली.

पराभवानंतर सूत्रे हलली. अमेरिकेच्या यू-२ विमानांना सीमाभागाची छायाचित्रे घेण्यास भारताने परवानगी दिली. १९६४ मध्ये ओडिशातील चारबतिया तळावरूनही ही विमाने उडाल्याचे ‘सीआयए’च्या खुल्या झालेल्या कागदपत्रांतून स्पष्ट झाले आहे. गुप्तचर यंत्रणेसाठी स्वतंत्र ‘एव्हिएशन रिसर्च सेंटर’ही युद्धानंतर उभे राहिले. ते पुढे ‘रॉ’च्या छत्राखाली गेले.

१९६५ आणि १९७१ मध्ये काय बदलले?

तीन वर्षांनी पाकिस्तानशी युद्ध झाले तेव्हा तीच विमाने आणि बरेचसे तेच वैमानिक होते. नाथ यांनी १९६५ मध्ये पाकिस्तानच्या विमानतळांवर आणि लष्करी ठाण्यांवर दिवसाढवळ्या, सोबत एकही लढाऊ विमान न घेता उड्डाणे केली. या कामगिरीसाठी त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. हा सन्मान दोनदा मिळालेले आजवर केवळ सहा जण आहेत. महाराष्ट्राचे सुपुत्र, माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य हे त्यातलेच. नाथ यांनी पुढे हवाई दल सोडून एअर इंडियाची विमाने चालवली. त्यांचे वास्तव्य मुंबईत होते आणि तिथेच ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. देशाच्या दोन युद्धांतला हा वैमानिक मुंबईकरांना फारसा ठाऊक नव्हता, हे त्याच्या कामाच्या स्वरूपाशी सुसंगतच म्हणायचे.

१९७१ मध्ये १०६ स्क्वॉड्रनचे नेतृत्व विंग कमांडर रमेश सखाराम बेनेगल यांच्याकडे होते. त्यांची कहाणी एखाद्या कादंबरीला शोभावी अशी. रंगूनमध्ये असताना ते किशोरवयात आझाद हिंद चळवळीत सामील झाले. सुभाषचंद्र बोस यांनी लष्करी शिक्षणासाठी जपानला पाठवलेल्या ‘टोकियो कॅडेट्स’पैकी ते एक. युद्ध संपल्यावर भारतात परतून ते हवाई दलात दाखल झाले. ज्या ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध लढण्याचे शिक्षण घेतले, त्याच ब्रिटनमध्ये बनलेल्या विमानातून त्यांनी स्वतंत्र भारतासाठी टेहळणी केली. १९७१ मध्ये शत्रूच्या प्रदेशात खोलवर, कडेकोट बंदोबस्तातील लक्ष्यांची छायाचित्रे त्यांनी आणली आणि तिन्ही दलांच्या नियोजनासाठी ती मोलाची ठरली. त्यांनाही महावीर चक्र देण्यात आले.

१९६२ आणि १९७१ यांतला फरक इथे दिसतो. १९७१ मध्ये तयारीला काही महिने मिळाले आणि माहिती मागणारे, आणणारे व वापरणारे एका दिशेने काम करत होते.

मग मिग-२५ कशासाठी आणले?

विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या जमान्यात ४८ हजार फूट ही सुरक्षित उंची राहिली नाही. म्हणून १९८१ मध्ये सोव्हिएत बनावटीची मोजकी मिग-२५ विमाने बरेलीला दाखल झाली. १०२ स्क्वॉड्रनकडे असलेली ही विमाने ध्वनीच्या अडीचपटीहून अधिक वेगाने, ६५ हजार फुटांच्या वरून उडत. तेवढ्या उंचीवर आणि वेगावर त्यांना गाठणे शेजाऱ्यांच्या विमानांना कठीण होते. मे १९९७ मध्ये इस्लामाबादच्या परिसरात मोठा स्फोटासारखा आवाज झाला आणि तो भारतीय मिग-२५चा असल्याचा आरोप पाकिस्तानने केला. भारताने तो कधी अधिकृतपणे मान्य केला नाही. सुटे भाग मिळणे अवघड झाले, उपग्रह आले आणि मे २००६ मध्ये ही विमाने निवृत्त झाली.

कारगिलमध्ये कॅनबेराची पुन्हा गरज का पडली?

१९९९ मध्ये घुसखोर नेमके कुठे, किती आणि कशाच्या आधाराने बसले आहेत, हे कळेना. तेव्हा चाळीस वर्षांहून जुने कॅनबेरा पुन्हा पुढे आले. २१ मे रोजी, म्हणजे हवाई दलाचे ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, स्क्वॉड्रन लीडर ए. पेरुमल आणि यू. के. झा हे छायाचित्रे घेत असताना उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र त्यांच्या उजव्या इंजिनवर आदळले. एका इंजिनवर विमान सांभाळत त्यांनी ते श्रीनगरला सुखरूप उतरवले. डोंगरावरच्या ‘घुसखोरां’कडे लष्करी दर्जाची क्षेपणास्त्रे आहेत, याची हवाई दलाला तेव्हाच किंमत मोजून कल्पना आली.

युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने गुप्तवार्ता व्यवस्थेतील उणिवांवर बोट ठेवले. त्यातून संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि पुढे ‘एनटीआरओ’ या तांत्रिक गुप्तवार्ता संस्थेची उभारणी झाली. इस्रोच्या २००१ मधील ‘टीईएस’ आणि त्यानंतरच्या कार्टोसॅट मालिकेतील उपग्रहांनी आकाशातला कॅमेरा आणखी वर नेला. ११ मे २००७ रोजी आग्रा येथे कॅनबेराला निरोप देण्यात आला. पन्नास वर्षांची सेवा संपली.

उपग्रह असताना टेहळणी विमाने हवीत कशाला?

उपग्रह ठरलेल्या कक्षेत, ठरलेल्या वेळी येतो आणि शत्रूलाही ती वेळ ठाऊक असते. तेवढ्या वेळात जाळ्या पांघरून रणगाडे झाकता येतात. ढग असतील तर साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आंधळा. रडार-उपग्रह ढगांआडचे पाहू शकतात, पण एकाच जागेवर तासन्‌तास नजर ठेवणे त्यांनाही जमत नाही. म्हणून आज हेरॉनसारखी मानवरहित विमाने आणि लढाऊ विमानांखाली बसवलेली कॅमेऱ्यांची पॉड्स हे काम करतात. यात वैमानिकाचा जीव पूर्वीइतका टांगणीला लागत नाही आणि चित्र मिनिटांत खाली येते.

तंत्रज्ञानाने पहिले दोन दुवे मजबूत केले, तिसरा मात्र माणसाचाच राहिला आहे. चित्रांचा पूर येतो तेव्हा त्यातले महत्त्वाचे कोणते, हे ठरवणारा विश्लेषक लागतो. त्याचे म्हणणे सोयीचे नसले तरी ऐकून घेणारे नेतृत्व लागते. नाथ यांची फिल्म १९६२ मध्येही तीच होती आणि १९६५ मध्येही त्याच प्रतीची. बदलला तो पाहणाऱ्यांचा दृष्टिकोन. सरकारे कोणत्याही काळातली असोत, त्यांच्या हाती येणाऱ्या माहितीचे मोल शेवटी यावरच ठरणार आहे.