सव्हानाचं गुलाबी घर आणि त्यामागचं भातशेत

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहरातल्या रेनॉल्ड्स चौकाच्या कडेला एक फिकट गुलाबी हवेली आहे. अठराव्या शतकातली, धाकट्या जेम्स हॅबरशॅमसाठी बांधलेली. आतल्या लाल विटांचा रंग पांढऱ्या गिलाव्यातून फुटला आणि घर गुलाबी झालं, असं सांगतात. १७९६ च्या भीषण आगीतून ते वाचलं, १८११ नंतर तिथे बँक आली आणि १९७१ पासून तिथे 'द ओल्ड पिंक हाउस' हे रेस्टॉरंट आहे. बँकेच्या तिजोरीत आता वाइन ठेवतात. तळघरातल्या मद्यगृहाचं नाव प्लँटर्स टॅव्हर्न, म्हणजे मळेवाल्यांचा गुत्ता.

इथला नावाजलेला पदार्थ म्हणजे फ्लाउंडर. हा चपटा मासा अख्खाच घेतात, त्याला आडव्या-उभ्या चिरा देऊन कुरकुरीत तळतात आणि वर जर्दाळूचा आंबटगोड रस्सा घालतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ताटात याच्या जोडीला ग्रिट्स, म्हणजे लोणी घालून मऊ शिजवलेल्या मक्याच्या कण्या, आणि धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर तासन् तास शिजवलेली कोलार्डची पालेभाजी.

हे जेवण रुचकर आहेच. पण ज्या पैशातून अशा हवेल्या उभ्या राहिल्या, त्याचा हिशेब मांडल्याशिवाय या जेवणाची चव पुरती कळत नाही, असं मला ठामपणे वाटतं. जॉर्जियात १७३५ पासून गुलामगिरीला बंदी होती. ती उठावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत धाकट्या जेम्सचे वडील, थोरले हॅबरशॅम होते. १७५१ मध्ये ती उठली आणि पुढे ते मोठे भात-मळेवाले झाले.

जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भात पिकवायचं ज्ञान मोठ्या प्रमाणावर पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचं होतं. भरतीच्या रेट्याने नदीचं गोडं पाणी वर चढे. नेमक्या वेळी बांधातली लाकडी दारं उघडून ते शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. गोव्याच्या खाजन शेतांतले मानस, म्हणजे बांधातली दारं, ज्यांनी पाहिलेत त्यांना ही रचना लगेच उमगेल, मात्र तिथे खारं पाणी अडवायचं असतं. गुडघाभर चिखल, हिवताप, साप. पीक निघालं की उखळ-मुसळाने कांडण आणि गवताच्या विणलेल्या सुपांनी पाखडण. दक्षिणेच्या ताटातली भेंडी आणि चवळीही याच माणसांच्या मुलखातून आलेली. आपल्याकडची चवळीसुद्धा मूळची आफ्रिकेचीच. दक्षिणेत नववर्षाच्या दिवशी चवळी-भात खातात, त्याला 'हॉपिन जॉन' म्हणतात.

गुलामगिरीवरून पेटलेलं यादवी युद्ध संपत आलं असताना, १२ जानेवारी १८६५ रोजी, सव्हाना शहरात वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांना सांगितलं, आम्हाला जमीन हवी. चारच दिवसांत हुकूम निघाला: किनाऱ्यालगतची, मालकांनी सोडून दिलेली भातखाचरं मुक्त झालेल्यांना, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो फिरवला आणि बहुतेक जमिनी जुन्या मालकांकडे गेल्या.

पुढे भातशेतीही मोडली. १९८० च्या दशकात सव्हानाच्या एका नेत्रतज्ज्ञाने, शिकारीसाठी बदकं यावीत म्हणून, सरकारी संग्रहातून 'कॅरोलिना गोल्ड' या जुन्या वाणाचं बी मिळवून पेरलं. आज तो तांदूळ उंची हॉटेलांत मानाने वाढला जातो.

ज्यांनी तो पिकवला त्यांच्या वंशजांची, गीची लोकांची, एक वस्ती सव्हानाच्या दक्षिणेला सापेलो बेटावरच्या हॉग हॅमकमध्ये आहे. २०१२ मध्ये तिथल्या मालमत्ता कराची बिलं अचानक फुगली आणि वाडवडिलांच्या जमिनी हातच्या जायची वेळ आली. तिथल्याच कॉर्नेलिया वॉकर बेली यांनी तेव्हा घरोघर जपलेली लाल चवळी विक्रीसाठी लावायला घेतली, तिच्या पैशातून कर भरता यावा म्हणून. २०१७ मध्ये त्या वारल्या. चवळीचं काम त्यांच्या घरच्यांनी पुढे चालवलं.