शून्य टिकविण्याचे काम

पल्स पोलिओच्या रविवारी अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत पिवळे फलक लागतात. टेबलावर बर्फाच्या पेटीत लस ठेवलेली असते. बालकाच्या मुखात दोन थेंब पडतात आणि करंगळीच्या नखावर शाईची खूण उमटते. पुढील दिवसांत आरोग्य सेविका घरोघरी फिरतात. टेकडीवरील चाळींत त्यांना दारे उघडी मिळतात. उंच इमारतींत मात्र पुष्कळदा फाटकावरच उत्तर मिळते, ‘आमच्या बाळाचे सर्व डोस खाजगी डॉक्टरांकडे झाले आहेत.’

हे उत्तर खरे असते, परंतु अपुरे असते. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तरीही ते नकळत रोग पसरवितात. इंजेक्शनची लस बालकाला लुळेपणापासून वाचविते. तोंडावाटे दिलेले थेंब त्याखेरीज आतड्यातही विषाणूला थारा देत नाहीत. सर्व बालकांना एकाच वेळी थेंब मिळाले, तर विषाणूला राहावयास जागाच उरत नाही. म्हणूनच नियमित डोस पूर्ण झालेल्या बालकालाही हे थेंब दिले जातात. जादा डोसाने अपाय होत नाही.

विषाणूचा हा गुप्त संचार मुंबईने आपल्या सांडपाण्यात पाहिला आहे. परळ येथील एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१ पासून धारावी व अन्य वस्त्यांच्या गटारांतील पाण्याची तपासणी सुरू केली. शहरात एकही बालक लुळे पडलेले नसतानाही त्या पाण्यात विषाणू सापडे. त्याची जनुकीय रचना उत्तर प्रदेश व बिहारमधील विषाणूशी जुळे. रेल्वेने माणसे येत आणि त्यांच्याबरोबर न दिसणारा पाहुणाही येई. मुंबईच्या सांडपाण्यात हा नैसर्गिक विषाणू शेवटचा आढळला तो नोव्हेंबर २०१० मध्ये.

१९८८ मध्ये जागतिक निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हा जगात दरवर्षी सुमारे साडेतीन लाख बालके या रोगाने लुळी पडत होती. भारतात १९९५ पासून देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम चालली. तरीही २००९ मध्ये ७४१ रुग्ण, म्हणजे जगात सर्वाधिक, भारतातच होते. अवघ्या दोन वर्षांत चित्र पालटले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

मग अजूनही थेंब कशासाठी? पाकिस्तान व अफगाणिस्तानात नैसर्गिक विषाणूचा प्रसार अद्याप थांबलेला नाही. शिवाय जेथे अनेक बालके लसीविना राहतात, तेथे लसीतील दुर्बळ विषाणू दीर्घकाळ फिरत राहून पुन्हा घातक होऊ शकतो. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात असाच विषाणू आढळला. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळील रॉकलंड कौंटीत लस न घेतलेला एक तरुण लुळा पडला. ज्या कुटुंबांचा व्यापार आणि आप्तपरिवार देशोदेशी पसरला आहे, त्यांना ही ठिकाणे परकी नाहीत.

व्यापारी घराला एक गोष्ट सहज उमगते. खात्यातील एकच नोंद राहिली, तरी ताळेबंद जुळत नाही. येथेही तसेच आहे. आपले बाळ सुरक्षित असले, तरी त्याच इमारतीत पहारेकऱ्याचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, शेजारी नव्या बांधकामावर राबणाऱ्या मजुराचे मूल असते. गावाकडून नुकत्याच आलेल्या अशा मुलाचाच डोस बहुधा राहून जातो. सोसायटीच्या कार्यकारिणीने आरोग्य सेविकांसाठी फाटक उघडे ठेवावे, दुकानदाराने नोकराला मुलासाठी तासाभराची सवड द्यावी आणि घरातील आजीने कामवाल्या बाईला ‘बाळाला थेंब पाजलेस का?’ एवढे विचारावे. मोठ्या कष्टाने मिळविलेले शून्य टिकविण्यास याहून अधिक काही लागत नाही.