मोटारीचा पंचा

मोटारीच्या रंगाचें तेज राखण्याविषयीं आपल्याकडे मोठी बेफिकिरी आहे. पंधरा लाखांची वस्तु दाराशीं आणावयाची आणि ती पुसावयास जुन्या धोतराचा तुकडा काढावयाचा, हा क्रम पुष्कळ घरीं चालतो. आम्ही मात्र स्वतःस दक्ष समजत होतों. कारण आम्हीं बाजारांतून खास मायक्रोफायबरचा पंचा आणिला होता.

एके सायंकाळीं तिरप्या उन्हांत आमच्या काळ्या मोटारीच्या बॉनेटवर कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे दिसले. सोसायटींत रोज सकाळीं गाड्या पुसावयास एक गृहस्थ येतात. त्यांस सारे मामा म्हणतात. आम्हीं चौकशी न करितां सारा दोष त्यांच्या माथीं मारिला व बोलूं नये तें बोललों. मामांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "साहेब, टपापर्यंत माझा हात पोहोंचत नाहीं. तो रविवारीं तुम्हीच पुसतां. तोही एकदां बघा." आम्हीं स्टूल आणून पाहिलें. टपावर ओरखडे अधिकच दाट होते!

आजच्या बहुतेक मोटारींच्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा डोक्याच्या केसाहूनही कमी. रस्त्यावरील धुळींत गारगोटीचे कण असतात व ते या लेपाहून फार कठीण. वस्त्राखालीं सांपडलेला असा कण रंगावर फिरला कीं रेघ उठते. म्हणून पंचा असा हवा कीं ज्याच्या लवींत कण खोल शिरून रंगापासून दूर राहील. तरी कोरड्या धुळीवर उत्तम पंचाही फिरवूं नये. आधीं पाण्यानें धूळ वाहूं द्यावी.

ज्या तंतूचें ९,००० मीटर सूत एका ग्रॅमहूनही कमी भरतें, तो मायक्रोफायबर. जपानांतील तोरे कंपनीचे मियोशी ओकामोतो यांनीं १९७० सालीं अशा तंतूपासून मऊ चामड्यासारखें कापड सिद्ध केलें. पंचांत बहुधा ८० भाग पॉलिएस्टर व २० भाग पॉलिअमाइड असतें. कांहींत हें प्रमाण ७० व ३० असतें. चांगल्या पंचांत प्रत्येक तंतु संत्र्याच्या फोडींप्रमाणें चिरलेला असतो. पॉलिएस्टर स्वतः पाणी फारसें पीत नाहीं. या चिरांमधील फटी तें धरून ठेवितात. तंतु चिरलेला नसला तर पंचा पाणी टिपण्याऐवजीं पुढें ढकलतो. घरच्या ओट्यावर वाटीभर पाणी सांडून ही परीक्षा कोणासही करितां येते. चांगला पंचा खरखरीत तळहातास किंचित् अडकतोही.

वजनाच्या आंकड्यास मात्र फार भुलूं नये. पुसावयास चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅमचा पुरतो; पाणी टिपावयास याहून जाड घ्यावा. खरी मेख कडेंत असते. ताठ दोऱ्यानें शिवलेली कड व तीस लावलेली चिठी हीच रंगास बोंचतात. कड न शिवलेला पंचा उत्तम. शंका वाटल्यास जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर कड घांसून ती उजेडांत धरावी.

आमच्या पंचाची कड जाड होतीच. शिवाय तो घरच्या सुती कपड्यांबरोबर, कपडे मऊ करणाऱ्या द्रवांत धुतला जाई. (हा द्रव आमच्याच आग्रहानें घरांत आला, हें सौभाग्यवतींनीं लगेच स्मरण करून दिलें.) त्या द्रवाचा थर तंतूंच्या फटी बुजवितो, सुताचे धागे लवींत गुंततात. असे पंचे निराळे, सौम्य साबणानें, कोमट पाण्यांत धुवावे. फार उष्णतेनें तंतु ताठरतात.

मामांची क्षमा मागणें जड गेलें, पण मागितली. नंतर आठ नवे पंचे व दोन बादल्या आणिल्या. निळे पंचे केवळ चाकांसाठीं, कारण तेथें ब्रेकची लोखंडी भुकटी असते. गेल्या रविवारीं आमच्या हातून एक पांढरा पंचा जमिनीवर पडला. आम्ही तो झटकणार, इतक्यांत मामांनीं उचलून निळ्यांच्या ढिगांत टाकिला.