मोजणीत न दिसलेली मागणी

ब्राउझरमधलं एखादं बटण का येतं, का जातं आणि गेलेलं परत कसं येतं? वापरणाऱ्यांच्या सूचनांना कधी किंमत येते आणि कधी नाही, याची ही कहाणी.

मार्च २०११ मध्ये फायरफॉक्सची चौथी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात ‘पॅनोरमा’ नावाची एक सोय होती. उघडलेल्या टॅबचे गट पाडायचे: बँकेची कामं एकीकडे, प्रवासाची तिकिटं दुसरीकडे, वाचायचे राहिलेले लेख तिसरीकडे. सगळ्या टॅबची छोटी चित्रं पडदाभर मांडलेली दिसत आणि ती माउसनं उचलून हव्या त्या चौकटीत टाकता येत. पाच वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं पंचेचाळिसाव्या आवृत्तीतून ही सोय काढून टाकली. फार थोडे लोक ती वापरतात आणि तिचा कोड सांभाळणं मात्र महागात पडतं, असं त्यामागचं कारण होतं. ज्यांनी गट पाडून ठेवले होते, त्यांचे टॅब बुकमार्कच्या फोल्डरांत हलवले गेले. काहींनी त्याच कामासाठी एक्स्टेन्शन बसवून घेतली, पण २०१७ च्या नोव्हेंबरात सत्तावन्नाव्या आवृत्तीनं जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शनच बंद केली. तेच लोक दुसऱ्यांदा उघड्यावर पडले.

एप्रिल २०२५ मध्ये त्याच फायरफॉक्समध्ये टॅबचे गट परत आले. या वेळी मोझिलानं जाहीरपणे सांगितलं, की साडेचार हजारांहून अधिक लोकांनी ही सोय मागितली होती. मधल्या काळात क्रोमनं २०२० मध्ये आणि सफारीनं २०२१ मध्ये गट आणले होते, त्यामुळे फायरफॉक्सवाल्यांना शेजारच्या घरातली सोय रोज दिसत होती.

मग २०१६ ची मोजणी खोटी होती का? तसं म्हणता येणार नाही. पॅनोरमा वापरणारे खरोखरच थोडे होते. पण तिचं बटण सहज नजरेस पडत नव्हतं. एक तर मेनूत जाऊन शोधायचं, नाहीतर तीन कळा एकदम दाबायच्या. फलक झाडाआड गेलेल्या एसटी थांब्यावर प्रवासी चढत नाहीत, म्हणून तिथं कुणाला गाडी नको आहे असं ठरवावं, तशातला हा प्रकार. २०२५ मधली सोय टॅबच्या पट्टीवरच आहे. एक टॅब दुसऱ्यावर नेऊन सोडला की गट तयार. त्याला नाव द्या, रंग द्या, मिटून ठेवा. लोकांची अडचण दोन्ही वेळा एकच होती, टॅबचा पसारा. पहिल्या वेळी मोजला गेला तो उपाय. अडचण कुणी मोजलीच नाही.

सूचना कुठे जाते?

फायरफॉक्सचा कारभार बराचसा उघड्यावर चालतो. ‘बगझिला’ ही दोषांची नोंदवही १९९८ पासून वापरात आहे. तिच्यात कुणीही खातं उघडून दोष किंवा सुधारणा नोंदवू शकतो आणि दुसऱ्याच्या नोंदीला मत देऊ शकतो. क्रोम ज्या क्रोमियम प्रकल्पावर उभं आहे, त्याचीही अशी खुली नोंदवही आहे. तिथं नोंदीला तारा देता येतो. ‘मलाही हेच हवंय’ असं खाली लिहू नका, तारा द्या, असं तिथं आवर्जून सांगितलेलं असतं. कारण असं प्रत्येक वाक्य त्या नोंदीवर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांच्या मेलमध्ये जाऊन पडतं आणि कामाचा मजकूर त्यात बुडून जातो.

पण मत पडलं म्हणजे काम झालं असं नाही. आधी सुरक्षेतली भगदाडं, मग ब्राउझर कोसळवणारे दोष, मग वेग, आणि त्यानंतर सोयी, असा साधारण क्रम असतो. सोयींच्या रांगेत किती काळ उभं राहावं लागतं, याचा नमुनाच हवा असेल तर फायरफॉक्समधल्या एका क्षुल्लक दोषाकडे पाहावं. बटणावर माउस थांबला की माहितीची छोटी पाटी उमटते. तुम्ही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलात तरी कधी कधी ही पाटी त्याच्यावर तशीच चिकटून राहायची. ही तक्रार २००२ मध्ये नोंदली गेली आणि दुरुस्त झाली २०२३ मध्ये. तिच्यामुळे कुणाचं काम अडत नव्हतं, माहितीला धोका नव्हता; म्हणून ती एकवीस वर्षं मागे पडत राहिली.

सूचनांशिवाय ब्राउझर बनवणाऱ्यांकडे दुसरं साधन असतं ते मोजणीचं, म्हणजे टेलिमेट्रीचं. कोणतं बटण किती जणांनी किती वेळा दाबलं, याचे आकडे ब्राउझर कंपनीकडे पाठवतो. ही मोजणी बंद करता येते, आणि खासगीपणाबाबत दक्ष असलेली माणसं ती बंद करतात. साहजिकच त्यांच्या सवयी आकड्यांत येत नाहीत. दुसऱ्या बाजूला, सूचना लिहायला बसणारे लोकही सगळ्या वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी नसतात. ज्याला पन्नास टॅब लागतात तो लिहितो. ज्याला दोन पुरतात तो गप्प असतो. आकड्यांना कारण कळत नाही आणि सूचनांना प्रमाण कळत नाही.

बॅकस्पेसचा वाद

आकडे आणि सूचना या दोन्हींचा मेळ घालण्याचा एक धडा क्रोमनं २०१६ मध्ये गिरवला. विंडोजवर बॅकस्पेसची कळ दाबली की ब्राउझर मागच्या पानावर जायचा. सवयीच्या लोकांना हे फार सोईचं होतं. पण एखादा लांबलचक अर्ज भरताना कर्सर चौकटीबाहेर गेलेला असायचा, माणूस अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबायचा आणि क्षणात पान मागे जाऊन भरत आणलेला अर्ज नाहीसा व्हायचा. याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत होत्या.

क्रोमच्या अभियंत्यांनी मोजणी पाहिली. पाहिलेल्या पानांपैकी ०.०४ टक्के वेळा लोक बॅकस्पेसनं मागे जात होते. अर्जात काहीतरी भरल्यानंतर असं घडण्याचं प्रमाण ०.००५ टक्के होतं, म्हणजे लाखात पाच. नुसत्या आकड्यावर बोट ठेवलं असतं तर लाखात पाचासाठी कुणी काही हलवलं नसतं. पण निर्णय घेताना त्यांनी नुकसानाचं वजन धरलं. मागे जायला ऑल्ट आणि डावा बाण हा दुसरा रस्ता आहे. गेलेला अर्ज परत मिळवायला कुठलाच नाही. जुलै २०१६ मधल्या बावन्नाव्या आवृत्तीतून ती कळ गेली.

लगेच उलट बाजूनं ओरड सुरू झाली. बोटांना पडलेली वळणं अशी जात नाहीत. गूगलनं मग ज्यांना हवं त्यांच्यासाठी बॅकस्पेस पूर्ववत करणारं एक छोटं एक्स्टेन्शन स्वतःच काढलं. फायरफॉक्सनंही पुढे २०२१ मध्ये हीच वाट धरली. तक्रारीवरून झालेल्या सुधारणेवरही तक्रार येते, हे ब्राउझरच्या धंद्यात गृहीतच धरावं लागतं. प्रश्न उरतो तो एवढाच, की कुणाची गैरसोय भरून काढता येण्याजोगी आहे.

सफारीचा उन्हाळा

वेळेवर आलेली सूचना किती बदल घडवते, ते २०२१ मध्ये दिसलं. त्या जूनमध्ये ॲपलनं सफारीचं नवं रूप दाखवलं. आयफोनवर ॲड्रेस बार वरून खाली आणला. फोन मोठे झालेत, एका हातानं धरला तर अंगठा वरपर्यंत पोचत नाही, तेव्हा कल्पना चुकीची नव्हती. पण हा बार पानावर तरंगायचा, खालचा मजकूर झाकायचा, आणि नेहमीची काही बटणं एका मेनूत दडवलेली होती. मॅकवर तर ॲड्रेस बार आणि टॅब एकाच ओळीत कोंबले होते.

चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांनी उन्हाळाभर आपलं म्हणणं कळवलं आणि ॲपल प्रत्येक नव्या चाचणी आवृत्तीत काहीतरी बदलत गेली. सप्टेंबरात आयओएस १५ लोकांच्या हाती पडली, तेव्हा खालचा बार जागेवर बसलेला होता, बटणं परत आली होती, आणि ज्याला बार वरच हवा त्याच्यासाठी सेटिंगमध्ये सोय होती. मॅकवरही टॅबची वेगळी ओळ कायम राहिली. एका ओळीचा प्रकार ऐच्छिक झाला. मूळ कल्पना टिकली, तिचे काच मात्र गेले. हे काम जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झालं. कोट्यवधी फोनवर गेल्यानंतर तेच बदल करणं किती तरी अवघड झालं असतं.

‘पर्याय द्या ना!’

वाद मिटवायला सोपा वाटणारा तोडगा म्हणजे सेटिंग. ज्याला हवं त्यानं चालू करावं, नको त्यानं बंद. पण चालू-बंद अशी दहा सेटिंगं झाली की ब्राउझरची १,०२४ रूपं होतात, आणि कुठल्याही रूपात काही बिघडलं तरी दोष बनवणाऱ्याच्याच माथी येतो. शिवाय सेटिंगच्या लांबलचक यादीत नेमकं हवं ते सापडेनासं होतं.

म्हणून काही ब्राउझर छाटणी करतात आणि काही पसारा हेच आपलं वैशिष्ट्य मानतात. २०१३ मध्ये ओपेरानं स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियमचा पाया घेतला, तेव्हा तिच्या जुन्या चाहत्यांना लागणाऱ्या कित्येक सोयी गळून पडल्या. ओपेराचे एक संस्थापक जॉन फॉन टेट्झनर त्याआधीच कंपनीतून बाहेर पडले होते. या नाराज मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ‘व्हिवाल्डी’ आणला. २०१५ च्या जानेवारीत त्याची पहिली झलक दिसली आणि २०१६ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्यात टॅबची पट्टी चारही बाजूंना लावता येते आणि सेटिंगांची यादी संपता संपत नाही. दुसऱ्यानं नाकारलेल्या सूचनांवर एक अख्खा ब्राउझर उभा राहिला. पण तो सर्वांना झेपणारा नाही आणि तसा त्याचा दावाही नाही.

काही सुधारणा मात्र कुणीच मागत नाही. ॲड्रेस बारमधलं कुलूप आठवा. आपण उघडलेली साइट विश्वासाची आहे, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला होता. प्रत्यक्षात ते एवढंच सांगायचं, की तुमच्या आणि साइटच्या मधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येणार नाही. फसवणूक करणाऱ्याच्या साइटलाही ते कुलूप सहज मिळायचं. गूगलनं २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत कुलपाचा बरोबर अर्थ फक्त ११ टक्के लोकांनी सांगितला. सप्टेंबर २०२३ पासून संगणकावरच्या क्रोममध्ये कुलपाच्या जागी सेटिंगचं साधं चिन्ह आलं. आपला समज चुकीचा आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो तक्रार कशी करणार? अशा वेळी लोकांना समोर बसवून विचारावंच लागतं.

मराठी वाचकाची एक अडचण

आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण घेऊ. मराठी विकिपीडियावरच्या ‘महाराष्ट्र’ या लेखाचा पत्ता ॲड्रेस बारमध्ये स्वच्छ देवनागरीत दिसतो. तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची माळ उमटते. वेबच्या पत्त्याच्या मूळ नियमांत रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हंच बसतात. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटांत साठतं आणि पत्त्यात एका बाइटाला तीन जागा लागतात. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’मध्ये अशी दहा चिन्हं आहेत, म्हणून त्या एका शब्दाची नव्वद जागांची माळ होते. समोरच्याला ती लिंक कशाची आहे हे कळत नाही. अनोळखी लिंक उघडू नका असं आपणच घरोघरी सांगत असताना तर ती जास्तच संशयास्पद दिसते.

फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगांच्या पानावर पत्ता देवनागरीतच कॉपी होण्याची कळ आहे, पण ती मुळात बंद ठेवलेली असते. त्यामागेही कारण आहे: काही प्रोग्रॅम रोमनेतर अक्षर आलं की लिंक तिथंच तोडतात. म्हणून सूचना करायचीच तर ‘देवनागरी पत्ते चालू करा’ एवढी मोघम करून भागत नाही. मी अमुक पान कॉपी केलं, तमुक ठिकाणी चिकटवलं, असं दिसलं, त्यामुळे माझं हे काम अडलं, आणि माझ्या ब्राउझरची आवृत्ती ही, असं लिहिलं तर अभियंत्याला ते स्वतः करून पाहता येतं. उपाय सुचवायला हरकत नाही, पण तो शेवटी. एका पत्रात एकच अडचण. आणि लिहिण्याआधी नोंदवहीत शोधून पाहावं. तीच तक्रार आधी असेल तर तिला मत द्यावं.

भाषेची दुरुस्ती तर याहून जवळ आहे. फायरफॉक्स मराठीतही मिळतो आणि त्याचं भाषांतर स्वयंसेवक ‘पाँटून’ या मोझिलाच्या साधनावर करतात. मेनूतलं एखादं भाषांतर खटकलं, तर तिथं खातं उघडून कुणीही पर्यायी शब्द सुचवू शकतो.

फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांच्या नव्या आवृत्त्या गेली काही वर्षं साधारण दर चार आठवड्यांनी येत आल्या आहेत, आणि प्रत्येकीची बीटा, म्हणजे चाचणी, आवृत्ती आधीच फुकट मिळते. ज्यांना ब्राउझरबद्दल ठाम मतं आहेत, त्यांनी ही बीटा आवृत्ती आपल्या नेहमीच्या ब्राउझरशेजारी बसवून घ्यावी. बदल सर्वांपर्यंत पोचल्यावर रागानं लिहिलेल्या दहा ओळींपेक्षा, बीटामध्ये तो दिसताच लिहिलेल्या नेमक्या दोन ओळी जास्त कामाच्या, कारण तेव्हा निर्णय फिरवणं बनवणाऱ्यालाही परवडतं.