कोलकात्याचा उकाडा आणि रेडिएटरचे पंखे

पुण्यामुंबईतला एखादा मुलगा गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायला घेतो, तेव्हा त्याचा रेडिएटर आणि पंखे अनेकदा कोलकात्याहून निघालेले असतात. चांदनी चौक आणि गणेशचंद्र ॲव्हेन्यूच्या परिसरात सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तिथून देशभर माल पाठवणारी एमडी कॉम्प्युटर्स, वेदांत कॉम्प्युटर्स ही नावं मराठी गेमरांना तोंडपाठ आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव विचारायचा आणि कोलकात्याच्या भावाशी ताडून पाहायचा, हा आता नेहमीचा रिवाज आहे.

कोलकाता हे उष्णतेशी झुंजणाऱ्या यंत्रांचं फार आधीपासून घर आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने ब्रिटनहून ‘एचईसी-२एम’ हा डिजिटल कॉम्प्युटर मागवला आणि १९५६ च्या सुमारास तो कोलकात्यालगतच्या बरानगरच्या आवारात चालू झाला. भारतातला हा पहिला डिजिटल कॉम्प्युटर. त्यामागोमाग सोव्हिएत बनावटीचा ‘उरल’ आला. दोन्ही यंत्रं व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हमधली तार लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय तो कामच करत नाही, म्हणजे आकडेमोड सुरू होण्याआधीच उष्णता सुरू! १९६६ मध्ये याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाबरोबर ‘इसिजू-१’ हा ट्रान्झिस्टरचा कॉम्प्युटर उभा केला. त्यात तापवायची तारच उरली नव्हती.

पण ही उसंत तात्पुरती ठरली. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, एकमेकांना खेटून बसू लागले आणि उष्णता कमी जागेत साठू लागली. साठच्या दशकातच आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’ मालिकेतल्या ९१ क्रमांकाच्या यंत्राला पाण्याने थंड ठेवावं लागलं. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर सर्किटची पूर्ण जुळणी वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. पाण्याचा आधार घेण्यामागचं गणित सरळ आहे. तेवढंच तापमान वाढताना तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास उष्णता सामावून घेतं.

घरगुती कॉम्प्युटरमध्ये पाणी आलं ते हौशी मंडळींच्या हातून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिका-युरोपातले हौशी लोक जुन्या मोटारींच्या हीटरमधली जाळी काढून तिला मत्स्यालयाचा पंप जोडत. पुढे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारे खास रेडिएटर बनू लागले. फिलिपिन्समधल्या हार्डवेअर लॅब्जचे ‘ब्लॅक आइस’ रेडिएटर त्यात गाजले. पंखा मात्र हाताशी असेल तो लावला जाई, आणि गडबड तिथेच होती. कॉम्प्युटरच्या डब्यातली हवा नुसती हलवणारा पंखा वेगळा आणि रेडिएटरच्या दाट पात्यांच्या फटींतून हवा रेटणारा पंखा वेगळा. पहिल्याचा छापील आकडा कितीही मोठा असला, तरी समोर रेडिएटर आला की त्याचा दम संपतो.

रेडिएटरच्या पंख्यांच्या मांडणीवरचे वाद इथूनच रंगले. पंखा अलीकडे लावून हवा आत ढकलायची, याला ‘पुश’ म्हणतात. पलीकडे लावून ओढायची ती ‘पुल’. दोन्ही बाजूंनी पंखे लावले की ‘पुश-पुल’. एकामागे एक लावलेल्या पंख्यांचा दाब वाढतो, म्हणून जाड आणि दाट रेडिएटरवर पुश-पुलचा उपयोग दिसतो, विशेषतः पंखे हळू फिरत असतील तेव्हा. सत्तावीस मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेल्या आजच्या रेडिएटरवर तो फायदा तुटपुंजा असतो. पंख्यांचा खर्च दुप्पट होतो आणि तेवढ्याच आवाजाचे आणखी तेवढेच पंखे लावल्याने आवाज तीन डेसिबलने चढतो.

२००९ मध्ये ‘कॉर्सेअर एच-५०’ बाजारात आला. पंप, नळ्या आणि १२० मिलिमीटरचा रेडिएटर कारखान्यातूनच जोडून, पाणी भरून येऊ लागले. डब्यातली तापलेली हवा रेडिएटरवर न सोडता बाहेरची थंड हवा त्यातून आत ओढा, असा खुद्द कंपनीचाच सल्ला होता. पाठोपाठ २४०, २८० आणि ३६० मिलिमीटरचे रेडिएटर आले. २०११ मध्ये नॉक्टुआने दाबासाठी घडवलेला ‘एनएफ-एफ१२’ आणला. पुढच्याच वर्षी कॉर्सेअरने दाबाचे आणि वाऱ्याचे पंखे वेगवेगळ्या नावांनी विकायला काढले, आणि हौशी मंडळींनी ठोकताळ्यांनी शोधलेला फरक खोक्यावर छापला गेला.

कोलकात्यात या वादाला हवामानाची धार आहे. रेडिएटर कितीही मोठा असला, तरी पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. एप्रिल २०२४ मध्ये शहराचा पारा चाळिशीपार गेला होता. अशा दिवसांत बंद खोलीत ३६ अंशांवरची हवा रेडिएटरवर आली, तर तिथून पुढे सगळी चढणच. समजा प्रोसेसर ३०० वॅट उष्णता टाकतो आहे आणि रेडिएटरमधून तासाला १०० घनमीटर हवा जाते आहे. तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे ९ अंशांनी तापलेली असते. रेडिएटर डब्याच्या छताला लावून आतलीच हवा त्याला दिली, तर ग्राफिक्स कार्डाने आधी तापवलेली हवा त्याच्या वाट्याला येते. पुढच्या बाजूला लावला, तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते, पण कार्डाला थोडी गरम. ज्याचं काम प्रोसेसरवर जास्त, त्याने रेडिएटर पुढे लावावा. खेळणाऱ्याने वर लावला तरी चालतं, मात्र पुढून दोन-तीन पंखे ताजी हवा आत घेणारे हवेत.

जाळीतलं पाणी आणि तिच्यातून जाणारी हवा यांच्यात उष्णतेची देवघेव करण्याचं हेच तत्त्व मोठ्या पातळीवर दिसतं ते कोलकात्यापासून जवळ, आयआयटी खरगपूरमध्ये. पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत तिथे ‘परम शक्ती’ हा महासंगणक उभा केला आणि तो २०२२ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची क्षमता १.६६ पेटाफ्लॉप्स आहे. त्याच्या कपाटांच्या मागच्या दारातच थंड पाण्याची जाळी बसवलेली असते. सर्व्हरचे पंखे गरम हवा या दारातून ढकलतात आणि ती खोलीत येण्यापूर्वीच निवते. काही ठिकाणी अशा दारांना स्वतःचेही पंखे जोडतात. म्हणजे पुश, पुल आणि पुश-पुलचा तोच हिशेब इथे माणसाच्या उंचीच्या कपाटावर मांडला जातो. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे आणि दिल्लीबरोबर कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रातही ‘परम रुद्र’ हा महासंगणक देशाला अर्पण झाला.

इतक्या वर्षांच्या या प्रवासातून घरच्या कॉम्प्युटरपुरता निष्कर्ष असा निघतो: दाट पात्यांवर दाबाचे पंखे लावा आणि पाती विरळ असतील तर एकाच बाजूला लावा. शहर धुळीचं असेल तर ओढणाऱ्या पंख्यांची मांडणी सोयीची, कारण जाळीवरची धूळ पंखे न काढताही पुसता येते. पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खाली ठेवा, नाहीतर नळ्यांतली हवा पंपात अडकते. आणि पुश-पुलसाठी जास्तीचे पंखे घेण्याआधी, बाहेरची हवा खोलीपेक्षा थंड असेल तेव्हा खिडकी उघडा, ज्या कोपऱ्यात गरम हवा साचते तिथून डबा हलवा. कोलकात्यातही आणि कोकणातही, तापमानात खरा फरक आधी तिथेच पडतो.