मोटारीचा रंग : पैसा कुठे वाचवावा आणि कुठे नाही

मोटारीच्या पत्र्यावरील रंग डोळ्यांना एकच थर वाटला, तरी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या आधुनिक गाडीवर सामान्यतः चार थर असतात : संपूर्ण सांगाडा द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेले गंजरोधक अस्तर, त्यावरचा प्रायमर, छटा देणारा बेस कोट आणि उन्हापावसाचा मारा झेलणारा पारदर्शक क्लिअर कोट. या सर्वांची एकत्रित जाडी बहुधा मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असते. त्यातले तळाचे अस्तर कोणत्याही गॅरेजला पुन्हा तसेच बसवता येत नसल्यामुळे, जिथे मूळ रंगाची पकड शाबूत आहे तिथे तो पत्र्यापर्यंत खरवडून काढणे म्हणजे पैसे मोजून गंजाला वाट करून देणे होय, आणि कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर त्याचे फळ लवकरच दिसते.

म्हणून स्वस्तात रंगकाम करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रंगवायचे क्षेत्रच कमी करणे. नुसती झळाळी गेलेली असेल किंवा ओरखड्यात नख अडकत नसेल, तर दोष बहुधा क्लिअर कोटपुरताच असतो आणि रबिंग व बफिंगने तो जातो, मात्र दर रबिंगला हा थर थोडा झिजत असल्याने ते वारंवार करू नये. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर ते पॅनेल रंगवण्यावाचून गत्यंतर नसते.

रंगकामाच्या खर्चाचा मोठा वाटा रंगात नसून रंगाखालच्या कामात असतो. पोचा ठोकून काढणे, हार्डनर कालवलेली लांबी पातळ थरांत भरणे, ती ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आकाराला आणणे आणि प्रायमर मारल्यावर तो ४०० च्या पुढच्या बारीक वॉटर पेपरने पाण्यात घासणे, ही सगळी वेळखाऊ मजुरी आहे. संशयास्पद कमी दर सांगणारा कारागीर बहुतेकदा इथेच हात आखडता घेतो, आणि मग पोचा सरळ न करता जाड भरलेली लांबी काही महिन्यांत तडकते. मालकाला स्वतःच्या श्रमाने काही वाचवायचे असेल, तर गाडी धुऊन मेण-तेलाचा अंश काढणे, आरसे, हँडल आणि पट्ट्या उतरवून ठेवणे, एवढे काम घरी निश्चित करता येते.

काटकसरीचा दुसरा मोह एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचा. १९२० च्या दशकात ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्यूको’ नावाने रूढ केलेला हा रंग थिनर उडून गेला की वाळतो, त्यामुळे बंदिस्त बूथ नसलेल्या गॅरेजला तो सोयीचा वाटतो. परंतु पुन्हा थिनर लागताच तो विरघळतो, उन्हाने लवकर निस्तेज होतो आणि पावसाळी दमट हवेत मारल्यास त्यावर पांढुरकी झाक येते. याउलट टू-के रंगात हार्डनरशी रासायनिक बंध जुळून थर कायमचा कडक होतो. खालच्या तयारीची मजुरी दोन्हींना जवळपास सारखीच लागत असल्याने केवळ साहित्यात बचत करणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

मात्र हा टू-के रंग घराच्या अंगणात फवारू नये. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फवाऱ्यावाटे फुप्फुसात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही. योग्य श्वसनसाधनाविना दिवसभर गन चालवणारे कारागीर हीच जोखीम पत्करत असतात, म्हणून गॅरेज निवडताना त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे हेही पाहिले पाहिजे.

रंगछटा मूळचीच ठेवणे स्वस्त पडते. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली दिलेल्या कोडवरून ती मिसळता येते, तरी मेटॅलिक रंगाची छटा शेजारच्या पॅनेलवर थोडी विरवत न्यावी लागते. रंगच बदलल्यास दारांच्या आतल्या कडाही रंगवाव्या लागतात, आरटीओकडे नोंदणी प्रमाणपत्रात बदल करून घ्यावा लागतो, आणि लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग तर नागरी वाहनांना निषिद्धच आहे. विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत रंगाच्या एकत्रित बिलापैकी २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय दावा केला की २० ते ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी नो क्लेम सूट जाते, त्यामुळे एखाद्या दाराच्या ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी गॅरेजचे कोटेशन आणि पुढच्या वर्षीचा वाढीव हप्ता शेजारी शेजारी ठेवून हिशेब मांडावा.