ओल कुठून येते?

श्रावणात कपाटातून चामडी पट्टा काढावा आणि त्यावर राखाडी-हिरवी लव दिसावी, हे मुंबई-कोकणात तळमजल्यावर राहणाऱ्यांना नवीन नाही. आपण पट्टा पुसतो, ऊन दाखवतो, पुन्हा टांगतो. आठवड्याभरात लव परत येते. बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात, त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. चामडं, कागद, लाकूड, धूळ, त्यांना खायला काहीही चालतं. अडतं ते पाण्यावाचून. म्हणून पट्ट्याआधी तपासायची ती पट्ट्यामागची भिंत.

पहिलं उपकरण म्हणजे नाक. बाहेरून आल्याबरोबर बंद खोलीचं दार उघडा. कुबट वास तेव्हाच कळतो, पाच-दहा मिनिटांत नाक सरावतं. मग टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा उजेडात फुगवटे आणि पोपडे दाखवते. बाहेरच्या भिंतीला लावलेलं कपाट, पलंगाची मागची बाजू, माळ्याचे कोपरे, फ्रेमची पाठ या जागा सोडू नका.

पांढरं दिसतं ते सगळं बुरशी नसतं. खरवडून थोडी पूड बशीत घ्या, वर पाण्याचे थेंब टाका. बहुतांशी विरघळली तर तो लोणा. भिंतीतून झिरपणारं पाणी पृष्ठभागावर सुकतं आणि सोबत आणलेला क्षार मागे ठेवतं. बुरशी अशी विरघळत नाही.

आता मुख्य चाचणी. भिंत कोरड्या फडक्याने पुसा, स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन लावा आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या आत, भिंतीकडे, दव असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ते हवेतून येतंय. दोन्हीकडे असेल तर दोन्ही दुखणी आहेत.

भिंतीतून येणारी ओल दोन तऱ्हांची. चहात बुडवलेल्या बिस्किटात चहा चढतो तसं जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं आणि तळाशी, बहुधा मीटरभर उंचीपर्यंत, सलग पट्टा दिसतो. गळतीचा डाग मात्र एका जागी असतो: खिडकीखाली, न्हाणीघराच्या पलीकडे. तो पावसाच्या सरीनंतर वाढत असेल तर बाहेरची भेग शोधा. मे महिन्यातही ओला असेल तर नळाची पाइपलाइन.

हवेतली ओल सर्वांत फसवी. 30 अंश तापमानाची, 80 टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरला सुमारे 24 ग्रॅम बाष्प बाळगते. भिंत 25 अंशांवर असेल तर तिला लगटलेल्या हवेला जेमतेम 23 ग्रॅम पेलतात. उरलेलं भिंतीवर उतरतं. म्हणूनच भर पावसात ‘हवा खेळू दे’ म्हणून तळमजल्याची गार खोली दिवसभर उघडी ठेवली की ओल कधीकधी वाढते.

उपाय बाहेरून सुरू करा. पागोळ्यांचं पाणी पन्हळीने दूर न्या, अंगणाचा उतार भिंतीपासून लांब ठेवा, मातीचा भराव जोत्यावर चढू देऊ नका. आत कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. कपड्यांतलं सगळं पाणी हवेतच जातं. एक हायग्रोमीटर टांगा आणि आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवायचा प्रयत्न करा. डीह्युमिडिफायर लावलात तर दारं-खिडक्या बंद हव्यात, नाहीतर तो अख्ख्या गल्लीची हवा सुकवत बसेल. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद कपाटापुरत्या ठीक, खोलीला पुरत नाहीत.

डाग चौरस मीटरच्या आतला असेल तर घरी साफ करता येतो. एन-95 मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने घासा, लगेच कोरडं करा. कोरड्या झाडूने झटकू नका, बीजाणू घरभर उडतात. दमेकऱ्याने हे काम करू नये. ब्लीच वापरलंत तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशी आतवर मुरलेला प्लायवूड किंवा गादी टाकूनच द्यावी.

राहिला रंग. दिवाळीच्या तोंडावर रंगारी बोलवायची घाई असते, पण ऑक्टोबरात चार महिने भिजलेली भिंत पोटात ओलीच असते. त्यावर पाणी अडवणारा रंग चढवला तर ते आतून रंगाला फुगवतं किंवा आणखी वर चढतं. रंगाऱ्याला तारीख देण्याआधी फॉइलचा चौकोन पुन्हा लावा. तो कोरडा निघेपर्यंत, मग संक्रांत का उजाडेना, ती एक भिंत तशीच राहू द्या.